मागच्या खोल्यांची शांतता

१

सकाळी पावणेसहाला पहिली बस कोपऱ्यावर वळायची आणि थोरलीच्या मांडणीवरची भांडी एकमेकांना थडथडायची. गजर लावायची तिला गरजच नव्हती. बसच्या मागून दुधाच्या गाड्या, मग शाळेच्या, आणि आठ वाजले की समोरच्या शटरवाल्याचा हातोडा. रस्ता रुंद झाल्यापासून घराची पुढची भिंत आणि वाहतूक यांच्यात चार हातांचं अंतर उरलं होतं. खिडकी लावली तर जीव गुदमरायचा, उघडली तर डोकं उठायचं. त्या दोन खोल्यांत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ओरडत होतं. "टॉवेल कुठंय?" हेसुद्धा भांडण काढल्यासारखं विचारलं जायचं, आणि उत्तर त्याहून वरच्या पट्टीत यायचं.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. एकामागे एक अशा चार खोल्या. ते गेले त्या वर्षी मधे भिंत घालून दोघा भावांना दोन-दोन खोल्या दिल्या होत्या. मधल्या भिंतीत एक दार ठेवलं होतं, येण्याजाण्यासाठी. तेव्हा त्यांनी सर्वांसमोर विचारलं होतं, "थोरल्या सूनबाई, तुम्ही मोठ्या. तुम्ही आधी सांगा, पुढच्या की मागच्या?"

पुढं तेव्हा गल्ली होती, ऊन होतं, ओसरी होती. मागं गोदामाची आंधळी भिंत आणि दिवसासुद्धा दिवा लावावा लागेल असा काळोख. थोरलीनं क्षणभरही विचार केला नाही. "पुढच्या," ती म्हणाली.

धाकटी जाऊ नुकतीच लग्न होऊन आली होती. खाली मान घालून म्हणाली, "मला मागच्या चालतील."

वर्ष सरायच्या आत रस्ता रुंद झाला, आणि त्या "चालतील"वर थोरली आज आठ वर्षं जळत होती. कुणाला दोषही देता येत नव्हता, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

२

थोरली कानाच्या दवाखान्यात तपासनीस होती. जाड फोम लावलेल्या छोट्या खोलीत पेशंटला बसवायचं, कानांवर हेडफोन घालायचे, हातात बटण द्यायचं. बाहेरून ती बारीक बारीक आवाज सोडायची. ऐकू आला की पेशंटनं बटण दाबायचं, की इकडं छोटा लाल दिवा लागायचा. कारखान्यातले फिटर, ट्रकचे चालक, बँडवाले, शिक्षिका, सगळे यायचे. कान गेल्याची तक्रार घेऊन यायचे आणि बोलता बोलता झोप, चिडचिड, छातीतली धडधड सगळं सांगून जायचे. ते ऐकून घ्यायचं कामही तिचंच होतं. दिवसभर लोकांचं ऐकायचं. तिचं कोण ऐकणार?

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिलाच समोर बसवलं आणि दंडाला पट्टा गुंडाळला.

"वरचा एकशे बासष्ट, खालचा एकशे दोन," त्या म्हणाल्या. "झोपता किती?"

"पडते सात तास. झोपते चार."

"तुम्हाला मी काय शिकवू? आवाज कान ऐकतात, पण भोगतं सगळं शरीर. तुम्ही झोपेत असता तेव्हाही हृदय जागं राहून दचकत असतं. घर बदलता येईल का?"

थोरली हसली. गोळ्यांची चिठ्ठी पर्समध्ये टाकून घरी आली, तर मधल्या दारात धाकटी केस विंचरत उभी. दुपारची झोप काढून उठलेली. गालावर उशीची घडी उमटलेली. कपाळावर एक आठी नाही, डोळ्यांखाली एक रेघ नाही. थोरलीहून फक्त चार वर्षांनी लहान, पण कुणी पाहिलं असतं तर मावशी-भाची म्हटलं असतं.

"ताई, दमलात? पाणी देऊ?" धाकटीनं हळूच विचारलं. ती नेहमीच हळू बोलायची. आणि तेही तोलून, दोनचार शब्द.

"नको," थोरली म्हणाली. दोघींत तीन पावलांचं अंतर होतं, तरी ते ओरडूनच निघालं.

३

रविवारी तिनं दवाखान्यातलं आवाज मोजायचं यंत्र घरी आणलं. कारण स्वतःलाही नीट सांगितलं नाही. आपल्यावर किती अन्याय झालाय, त्याचा आकडा हवा होता बहुतेक.

पुढच्या खोलीत आकडा अठ्ठ्याहत्तर. बस गेली की पंच्याऐंशी. स्वयंपाकघरात चौऱ्याहत्तर. मधल्या दाराशी, दार सताड उघडं असताना, एकाहत्तर.

उंबरठा ओलांडून तिनं एक पाऊल मागच्या खोलीत टाकलं. चोवीस.

तिनं यंत्र झटकलं. उंबरठ्याअलीकडं येऊन पाहिलं, एकाहत्तर. पलीकडं गेली, चोवीस. दार उघडंच होतं. उघड्या दारातून हवा येते, वास येतो, ऊन येतं. मग आवाज का नाही? दवाखान्यातल्या खोलीला चारी बाजूंनी वीतभर जाडीचं अस्तर होतं, दार बंद केलं की कान दाटायचे, आणि तिथंही आकडा सव्वीसच्या खाली कधी गेला नव्हता.

गोदामाची भिंत आवाज अडवत असेल, तिनं मनाशी म्हटलं. पण आवाज त्या बाजूनं येतच नव्हता. मग खोल्यांचा आकार असेल. सेल संपत आला असेल. घरात नवीन सेल होते, ते घातले. चोवीस.

"बसा ना ताई," धाकटी म्हणाली. ती भाजी निवडत होती. शेंगा मोडत होती, पण मोडण्याचा आवाज होत नव्हता. म्हणजे होत होता, पण अर्धाच. सुरू व्हायचा आणि तिथंच कुणी उचलून घ्यावा तसा संपायचा.

थोरली बसली. मांडीवरचा आकडा बावीस झाला, मग एकोणीस. खांदे आपोआप खाली उतरले. आठ वर्षांत पहिल्यांदा जबडा सैल झाला. आणि मग ती बोलायला लागली. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, नवरा छापखान्यातून बहिरा होऊन येतो आणि टीव्ही किती मोठा लावतो, लेकीचं अभ्यासात लक्ष नाही, आई वारली तेव्हा रडायलाही निवांतपणा मिळाला नाही. असं ती कधी धाकटीशी बोलली नव्हती. धाकटीशीच काय, कुणाशीच नाही. थांबवेना.

मधेच तिच्या लक्षात आलं, की धाकटीच्या हातातली शेंग तशीच राहिलीय आणि ती आपल्याकडं बघत नाहीय. आपल्या खांद्याच्या जरा बाजूला बघतेय.

"काय झालं गं?"

"पुरे, ताई," धाकटी म्हणाली. "उठा आता. तुमचं दूध उतू जाईल तिकडं."

दूध ठेवलंच नव्हतं. तिला आपण बसलेलंसुद्धा बघवत नाही, थोरली मनात म्हणाली, आणि यंत्र उचलून पाय आपटत निघाली. पाय आपटल्याचा आवाज उंबरठ्यापलीकडं गेल्यावरच झाला.

४

पुढच्याच आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं. थोरलीची लेक अकरा वर्षांची. वर्गशिक्षिका म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण एक ओळ सलग वाचत नाही. घरी अभ्यासाला शांत जागा आहे का?

"आहे ना," थोरली म्हणाली. "काकूकडे आहे."

त्या संध्याकाळी तिनं लेकीचं दप्तर उचललं आणि मधल्या दारातून सरळ मागं नेऊन ठेवलं. विचारलं नाही, सांगितलं. धाकटीनं दप्तर उचलून भिंतीपासून दूर ठेवलं. मग म्हणाली, "बसू दे. पण मी असेन तेव्हाच बसू दे, ताई. एकटी नको."

"चोरी करणारेय का ती?"

धाकटीनं दप्तराशेजारी आपली चटई अंथरली.

पंधरा दिवसांत लेकीत जमीन-अस्मानाचा फरक पडला. अक्षर सुधारलं. नखं खायची थांबली. शिक्षिकेनं वहीत शाबासकी लिहून पाठवली. आणि थोरलीचं समाधान व्हायच्या ऐवजी तिच्या पोटात नवीनच दुखायला लागलं. लेक शाळेतून आली की बूट काढायच्या आधी मागं पळायची. जेवायला हाक मारली तर तिसऱ्या हाकेला यायची. आली तरी मान खाली घालून जेवायची आणि परत तिकडं.

"काकू एवढं काय बोलते गं तुझ्याशी?" एकदा तिनं विचारलंच.

"काकू नाही बोलत. मीच बोलते."

"काकूशी?"

लेकीनं घास चावला. समोरच्या शटरवाल्यानं चार ठोके घातले.

"काकू असते तिथंच," लेक म्हणाली.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पोटची पोर आपल्याला दोन शब्द सांगत नाही आणि तिकडं तासन् तास सांगत बसते. आवाजात मी मरायचं, आणि माझी पोरही तिनंच घ्यायची?

५

धाकटीची मुलगी पाच वर्षांची. सगळे तिला भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी ठरायची नाही आणि तोंडाला टाळं नाही. ती भिंगरी त्या महिन्यात गप्प झाली. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, हाक मारली तर ओ देत नाही. कान तपासून घ्या.

"ताई, तुम्ही तपासाल?" धाकटीनं विचारलं. 

खरं सांगायचं तर थोरलीला त्या क्षणी आत कुठंतरी बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात काही बिनसलं होतं. मग तिला स्वतःची लाज वाटली. पण आधी बरं वाटलं, लाज नंतर वाटली.

तिनं भिंगरीला फोमच्या खोलीत बसवलं, धाकटीला बाहेर बाकावर. हेडफोन पोरीच्या डोक्याला मोठे होत होते. थोरलीनं आवाज सोडला. दिवा लागला. कमी केला. लागला. आणखी कमी, यंत्राची शेवटची पायरी, जी वीस वर्षांच्या तरण्याबांड कानांनाही क्वचित ऐकू येते. दिवा लागला.

कान सोन्यासारखे होते. थोरलीनं यंत्र थांबवलं आणि कागदावर लिहायला घेतलं.

दिवा लागला.

तिनं बघितलं. आवाज बंद होता. दिवा विझला. मग पुन्हा लागला. विझला. सावकाश, एका लयीत, झोपलेल्या माणसाची छाती वर-खाली व्हावी तसा. मुलं खेळ करतात. तिनं काचेतून पाहिलं. भिंगरी खेळ करत नव्हती. ताठ बसून समोरच्या भिंतीकडं बघत होती.

थोरली आत गेली. "काय ऐकू येतंय गं तुला? मी तर काहीच वाजवत नाहीय."

"ऐकू नाही येत," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की थोरलीला वाकावं लागलं. "तो ऐकतोय."

"मग बटण का दाबतेस?"

"जवळ आला की दाबते."

थोरलीनं वळून भिंतीकडं पाहिलं. पण ती इतकी वर्षं या कामात होती. पोरं काय वाटेल ते बोलतात. "आणि इतकं हळू का बोलतेस? घसा दुखतोय?"

भिंगरीनं मान हलवली. "उरलाय तेवढाच आहे," ती म्हणाली.

बाहेर धाकटी उठून उभी राहिली. 

"कान उत्तम आहेत," थोरली म्हणाली. "नखरे आहेत झालं. लाड कमी कर."

बाकीचं तिनं सांगितलं नाही. का नाही, हे तिला त्याच वेळी कळत होतं. सांगितलं असतं तर धाकटीला नवऱ्याजवळ बोलावं लागलं असतं, दोन्ही भाऊ जमले असते, त्या खोल्यांना कुलूप लागलं असतं. आणि त्या खोल्या तिला हव्या होत्या.

६

"आपण खोल्या बदलू," तिनं रविवारी सगळ्यांसमोर विषय काढला. डॉक्टरीणबाईंचा कागद टेबलावर ठेवला. "एकशे बासष्ट. उद्या मला काही झालं तर कुणाच्या जिवाला घोर?"

तिच्या नवऱ्याला अर्धं ऐकू आलं आणि त्यानं पूर्ण मान डोलावली. दीर विक्रीच्या कामानं महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. ते म्हणाले, "वहिनी, तब्येतीपुढं काय आहे? मला कुठंही झोप लागते. हिला विचारा फक्त."

धाकटी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "नको," ती म्हणाली.

"का?"

"तुमच्यासाठीच सांगते, ताई. नको."

"माझ्यासाठी! आठ वर्षं माझ्यासाठीच झोपा काढल्यास काय?" थोरलीचा तोल गेला. "त्या खोल्या काय माहेरून आणल्यास? आता माझी पाळी. माझी पोर तिथं सुधारली, मीही सुधारेन. की तेच बघवत नाही तुला?"

धाकटी आत वळली. थोरली तिच्या मागं गेली, उंबरठ्यापलीकडं, अजून चार गोष्टी सुनावायला. आणि थबकली.

धाकटी रडत होती. तोंड उघडं, मान मागं, खांदे गदगदत होते. पदर तोंडाला लावलेला नव्हता. असं रडताना माणसाच्या पोटातून हंबरडा फुटतो. थोरली हातभर अंतरावर उभी होती. काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. हुंदकाही नाही, श्वासही नाही.

नाटकं आहेत, थोरलीनं स्वतःला सांगितलं. खरं रडणारी माणसं आवाज करतात.

महिनाअखेरीला सामान हललं.

७

पहिले तीन आठवडे सुखाचे गेले. थोरली सात तास झोपली, आठ तास झोपली. दुपारी सुट्टी असली की पडायची, तर गालावर उशीची घडी घेऊनच उठायची. रक्तदाब एकशे सव्वीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी निम्मी करा. काय जादू केलीत?" नवरा टीव्ही लावायचा विसरला. संध्याकाळी तो भिंतीला टेकून शांत बसायचा. लेक टेबलाशी बसायची. घरात भांडण म्हणून उरलं नाही.

कामं करता करता थोरलीला एकटीनंच बोलायची सवय झाली होती. कपड्यांच्या घड्या घालताना, भांडी विसळताना. समोर कुणी नसताना इतकं मोकळं वाटतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

मग एक दिवस ती मधल्या दारातून पुढं डोकावली, तर भिंगरी पलंगावर उड्या मारत किंचाळत होती. नुसती किंचाळत नव्हती, हसत होती, गात होती, तिची वटवट बसच्या हॉर्नलाही आटोपत नव्हती. धाकटी तिच्यावर खेकसत होती आणि खेकसता खेकसता हसत होती. थोरली दारात उभी राहून बघत राहिली. जुनं दुखणं पुन्हा वर आलं. जागा मी घेतली, तरी हसतायत तेच.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी धाकटी भेटली. डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले, कपाळाला बाम. आवाज मात्र भरदार. हा आवाज तिचा असेल असं कधी वाटलंच नव्हतं.

"ताई, दोन मिनिटं ऐका. तिथं फार बोलू नका. आणि पोरीला एकटी बसू देऊ नका."

"आता तू मला शहाणपण शिकवणार?"

"मी शेजारी बसून राहायचे. कुणी जागं माणूस बघत असलं की तेवढं जवळ येत नाही. तुमच्या लेकीजवळ बसायला लागले आणि भिंगरीकडं दुर्लक्ष झालं. तेवढ्यात तिचा..." तिनं गळ्याला हात लावला. "आता आवाज येतोय परत. इथं गोंगाट आहे ना."

"काय जवळ येत नाही? काय आहे तिथं?"

"मला ठाऊक नाही, ताई. मी कधी वळून बघितलं नाही."

"मग आधी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असता?" धाकटीनं विचारलं.

जागा सोडायची नाही म्हणून गोष्टी रचते. हेच म्हटलं असतं. आत्ताही थोरलीच्या मनात तेच आलं. जागा परत हवीय हिला. ती काही न बोलता आत गेली.

८

पण त्यानंतर कान टवकारले गेले. आणि मोजायला बसली तर एकेक गोष्ट लक्षात यायला लागली.

नवरा बोलत नव्हता. रागानं नाही, बोलत नव्हता एवढंच. चहा हवा असला की कप उचलून दाखवायचा. नळ उघडला तर पाणी पडायचं, पण गुपचूप. लेकीनं तिला "आई" म्हणून शेवटची हाक कधी मारली, हे आठवायचा तिनं प्रयत्न केला. सोमवारी? त्याच्या आधीच्या सोमवारी?

आपले कान गेले असतील. हेच सगळ्यात सरळ उत्तर होतं. तिनं दवाखान्यात स्वतःलाच फोमच्या खोलीत बसवलं आणि नव्या मदतनीस मुलीला यंत्रावर. कान ठणठणीत निघाले. बाहेर येऊन ती म्हणाली, "छान. कागद दे."

"काय म्हणालात?" मुलगी पुढं वाकली.

"कागद."

"मॅडम, घसा बसलाय का तुमचा? सकाळी फोनवरही काहीच कळलं नाही."

थोरलीनं घशाला हात लावला. घसा दुखत नव्हता. जोर लावला तर गळ्यातल्या शिरा ताठ होत होत्या, पण बाहेर येत होता तो भिंगरीचा त्या दिवशीचा आवाज.

तिनं पर्स उचलली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली. लेकीला परीक्षेआधीची सुट्टी होती. लेक घरी होती. एकटी.

९

दुपारचे दोन वाजले होते. गोदामाच्या बाजूच्या मागच्या दारानं ती आत आली. चप्पल काढायचंही भान नव्हतं. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं. गोदामाच्या भिंतीवरून परतलेला करडा उजेड तिथं पडला होता.

लेक टेबलाशी बसली होती. वही मिटलेली. ओठ हलत होते, भराभर, थांबत नव्हते. आवाज नव्हता. ती हातवारे करत होती, मधेच हसत होती, लाजत होती. चेहरा असा उजळलेला, की थोरलीला क्षणभर ओळखूच येईना. आपल्या पोरीचा असा चेहरा तिनं पाहिलाच नव्हता.

शेजारची खुर्ची ओढून लेकीच्या खुर्चीला लावलेली होती. तिच्यावरची गादी मधोमध दबलेली होती.

आणि वर, लेकीच्या तोंडाजवळ, भिंतीच्याच रंगाचं काहीतरी वाकलेलं होतं. माणूस गुपित ऐकायला वाकतो तसं. थोरलीला तेवढं वाकलेपणच दिसलं. मान असावी. मानेच्या वर जिथं चेहरा हवा, तिथं एक वळण होतं, आतल्या बाजूला गेलेलं, आणि लेकीच्या श्वासानं त्याची कड हलत होती. एवढंच. पापणी लवली तर पुन्हा फक्त भिंत. पण गादी दबलेलीच होती.

दार सहा पावलांवर होतं. पोरीला बखोटीला धरून ओढायचं आणि पळायचं, एवढंच करायचं होतं. थोरलीला ते कळत होतं. पण तिच्या पोटातून जे वर आलं ते भय नव्हतं. भय असतं तर पाय हलले असते. ते तिचं जुनंच होतं, ओळखीचं, धाकटीला केस विंचरताना बघून यायचं तेच.

तिचं असं कुणी कधीच ऐकलं नव्हतं. आईनं नाही, नवऱ्यानं नाही, या पोरीनंही नाही. इतकं वाकून. इतकं जवळून. एक शब्दही खाली पडू न देता. महिनाभर घड्या घालताना ती बोलत होती ते या इथंच जात होतं, आणि आता ते ऐकणारं तिला सोडून पोरीजवळ येऊन बसलं होतं.

तिनं तिसरी खुर्ची ओढली. पलीकडच्या बाजूला बसली आणि तोंड उघडलं. उरलं होतं तेवढ्या आवाजानं ती बोलायला लागली. सांगितलं नव्हतं ते सगळं. पोरीचा जन्म झाला तेव्हा आपल्याला आनंद झाला नव्हता, इथपासून.

लेकीचे ओठ थांबले. तिनं झोपेतून उठल्यासारखं आईकडं पाहिलं. गादी हळूहळू वर आली, फुगली, सपाट झाली. थोरलीच्या उजव्या कानाशी हवा थंड झाली.

लेक किंचाळली असावी, कारण तिचं तोंड तसं उघडलं. "आई" म्हणाली असावी. मग मधल्या दारातून धाकटी धावत आली, पोरीला कमरेत धरून ओढत पुढं घेऊन गेली. थोरलीला ते काचेपलीकडचं बघावं तसं दिसलं. ती बोलत राहिली.

१०

लेक आता पुढं राहते, काकूपाशी, बसच्या आणि हातोड्याच्या गदारोळात. तिचा आवाज दोन आठवड्यांत परत आला. ती नखं पुन्हा खाते, भिंगरीशी कडाकडा भांडते. नवराही पुढंच झोपतो. बहिरा तर बहिरा, पण टीव्ही लावतो.

थोरलीला न्यायला सगळे येऊन गेले. दिरांनी हाताला धरून दोनदा बाहेर काढलं. दोन्ही वेळा ती पुढच्या खोलीत तासभर बसली, कानांवर हात ठेवून, आणि वाट बघून परत मागं गेली. डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासून गेल्या. रक्तदाब एकशे अठरा, नाडी संथ, कान निर्दोष. असा अहवाल मला माझा मिळाला तर मी पेढ्यांसारखा वाटीन, असं त्या म्हणाल्या आणि लगेच गप्प झाल्या, कारण थोरली त्यांच्याकडं बघत नव्हती.

तिनं हे पोरीसाठी केलं, असं धाकटी सगळ्यांना सांगते. पोरीवरचं स्वतःवर घेतलं, म्हणते, आणि तिचे डोळे भरून येतात. थोरलीनं हे ऐकलं आहे. खरं असेलही. तिनं स्वतःला तसं विचारून पाहिलेलं नाही.

काल दुपारी लेक मधल्या दाराशी आली. उंबरठ्यावर थांबली. आईनं पाठमोरी बसून बोलता बोलता मान वळवली. लेकीचे ओठ हलले. काहीतरी सांगत होती, हातात परीक्षेचा कागद होता, चेहरा फुललेला होता.

थोरलीच्या उजव्या कानाजवळची थंडी जराशी हलली. दाराच्या दिशेनं.

तिनं हात उंचावून लेकीला थांबवलं. मग खुर्ची सरकवली, पाठ रुंद करून दाराच्या आणि त्या थंडीच्या मधोमध बसली, आणि घाईघाईनं, शब्दावर शब्द टाकत, पुढचं सांगायला लागली.